उपाशीपोटी चहा

साखरेच्या आजाराबद्दल आमच्या गल्लीत जागृती झाली पाहिजे, असं चार देशांनी मिळून ठरवलं. कागदाच्या मथळ्यावर त्यांचे झेंडे ओळीने छापलेले होते आणि सगळ्यात शेवटी, जरा लहान, आमचा होता. पैसा एका देशाचा, रक्तातली साखर मोजायची यंत्रं दोन देशांची, डॉक्टरीणबाई हॉलंडच्या आणि आजार आमचा, अशी कामाची वाटणी झाली होती. जावा बेटावरच्या आमच्या क्लातेनला उसाचे मळे आणि साखर कारखाने मुळात हॉलंडच्याच लोकांनी काढलेले, तेव्हा आता साखर उतरवायलाही त्यांनीच यावं, यात मला तरी न्याय दिसला.

मी या गल्लीचा प्रमुख. टपाल खात्यातून निवृत्त झालो त्या वर्षी गल्लीच्या सभेला उशिरा पोचलो आणि मी पोचेपर्यंत माझी एकमताने निवड झालेली होती. तेव्हापासून सुतिक्नो या माझ्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. सगळे ‘पाक एर्ते’ म्हणतात, म्हणजे गल्लीप्रमुखसाहेब. माझी बायको रुमिनीसुद्धा तेच म्हणते, पण तिच्या सुरात साहेब ऐकू येत नाही.

आमच्या गल्लीत रक्त तपासायचं शिबिर होणार होतं, आणि जी गल्ली या कामात आदर्श ठरेल तिच्या प्रमुखाला बँकॉकच्या परिषदेत बोलायला नेणार होते. मला विमानात बसायचं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण रुमिनीने ते तसंही सगळ्या गल्लीला सांगितलेलं आहे. पण विमान हे एकच कारण नव्हतं. दुसरं कारण कर्सोचा पाय हे होतं.

कर्सो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. तो आमच्या भागातला नावाजलेला जायेंग. लग्नाकार्यात मांडवाच्या मागे चहाची भट्टी सांभाळतो तो जायेंग. नवरीचा शालू कसा होता हे लोक महिन्याभरात विसरतात, पण चहा पातळ होता हे मुलीला मुलं झाली तरी काढतात. कर्सो तीन प्रकारची पत्ती अशी काही मिसळायचा की चहा उतरायचा गरम, गोड आणि दाट, आणि प्रत्येक किटलीतला घोट स्वतः घेतल्याशिवाय तो किटली बाहेर पाठवत नसे. अशी त्याने उभी हयात घालवली. त्याच्या आधीच्या बेसारच्या महिन्यात, म्हणजे लग्नांच्या ऐन हंगामात, किटली कलंडून उकळतं पाणी त्याच्या अंगठ्यावर सांडलं. हंगाम संपला, पुढचे दोन सण झाले, तरी ती जखम भरली नाही. तो हंडाभर पाणी प्यायचा, सारखा मागच्या दारी जायचा आणि त्याचा सदरा आता त्याच्याऐवजी खुंटीला घातल्यासारखा दिसायचा.

त्याची बायको तुगिनेम एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसली.

“दवाखान्यात चला म्हटलं की ‘हो’ म्हणतात,” ती म्हणाली. “रोज म्हणतात. पाक एर्ते, मला त्या ‘हो’चा आता वीट आलाय.”

आमच्या जावा बेटावर ‘हो’ म्हणजे वाद मिटवायची युक्ती. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आधी हो म्हणायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, हा आमचा संस्कार आहे. मी कर्सोकडे गेलो. त्याने पाय लुंगीखाली ओढून घेतला.

“सरकारी दवाखान्यात मी जायचा नाही,” तो म्हणाला. “तिथं रांगेत बसवतात आणि चोराला पुकारावं तसं नाव पुकारतात. पण तुझ्या कार्यक्रमाला मी आहेच की. चहा माझाच ना? मग चहा देता देता टोचायला बोटही देईन. तुझं विमान चुकायला नको.”

तुगिनेमने हे दाराआडून ऐकलं. निघताना ती मला म्हणाली, “त्या एका दिवसाच्या भरवशावर आहे मी. तो दिवस नीट होऊ द्या.” मी म्हणालो, हो.

मग परवानग्या सुरू झाल्या. वॉर्ड कचेरी, तालुका कचेरी, आरोग्य केंद्र आणि पोलीस चौकी. आमच्याकडे कुठल्याही कचेरीत गेलं की आधी चहा येतो, चहा समोर असताना कामाचं बोलणं असभ्य, आणि चहा संपेपर्यंत साहेब जेवायला गेलेला असतो. आरोग्य केंद्राचे साहेब रुसले होते, कारण परदेशी पाहुणे आधी त्यांच्याकडे न येता माझ्याकडे आले होते. त्यांना पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची आणि भाषण देऊन मनवलं. चौकीतल्या हवालदाराला वेगळीच काळजी होती.

“रक्त देशाबाहेर जाणार का?” त्याने विचारलं.

“थेंबभरच काढणार आहेत, साहेब.”

“थेंबभर असलं तरी देशाचं आहे,” तो म्हणाला, आणि त्याने मला तसं लिहून द्यायला लावलं.

त्यानंतर भित्तिपत्रकांची खोकी आली. ती उघडली तर सगळा मजकूर स्पॅनिश भाषेत. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशाची खोकी आमच्याकडे आली होती आणि आमची बहुधा तिकडे गेली असावीत. चित्रांत स्ट्रॉबेरी होत्या, काळा पाव होता आणि बर्फात पळणारी एक म्हातारी होती. पाहुण्यांनी इतक्या लांबून पाठवलेली वस्तू न लावणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही ती गल्लीभर लावली. रेल्वेतून निवृत्त झालेले पाक जुमेनो यांना वैद्यकातलं सगळं कळतं, निदान त्यांना तसं वाटतं. त्यांनी चित्रांचा अर्थ लोकांना समजावून सांगितला. साखरेचा आजार दोन प्रकारचा, ओला आणि सुका. ओल्यात जखम चिघळते, सुक्यात माणूस वाळतो, आणि बर्फात पळणं हा ओल्यावरचा इलाज असावा. मग कर्सोचा ओला की सुका यावर चौकात वाद झाला. कर्सो तिथेच उभा होता. त्याने दोन्ही बाजूंना हो म्हटलं.

आता खरी गोष्ट. डॉक्टरीणबाईंचा निरोप होता की लोकांनी रात्रीपासून उपास करून यावं. मी सूचनेत तसंच लिहिणार होतो, पण सल्ला घेतल्याशिवाय सूचना लावली तर ती एकट्याची सूचना ठरते. म्हणून मी हाजी मुहायत यांच्याकडे गेलो. हाजीसाहेब मशिदीचे कारभारी, बोलणं सावकाश आणि प्रत्येक शब्द तोलून.

“‘उपास’ असं लिहू नका, पाक एर्ते,” ते म्हणाले. “उपासाला नियत लागते. पहाटेचं जेवण लागतं, सोडायची वेळ लागते. लोक मला येऊन विचारतील, हा कुठला उपास, याचं पुण्य किती. आणि आपल्या गल्लीत चार घरं ख्रिस्ती आहेत. त्यांना वाटेल, हे आपल्यासाठी नाही.”

मुद्दा बिनतोड होता. गल्लीचा सलोखा बिघडवून मला बँकॉकला जायचं नव्हतं. मी विचारलं, “मग काय लिहू?”

“साधं लिहा. सकाळी काही खाऊन येऊ नये.”

मी तसंच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. आणि हे लिहिताना माझ्या, हाजीसाहेबांच्या, पाक जुमेनोंच्या किंवा गल्लीतल्या एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात चहा आला नाही. चहा हे खाणं नव्हेच. चहा म्हणजे स्वागत. बिनसाखरेचा चहा आमच्याकडे फक्त नको असलेल्या पाहुण्याला देतात, आणि चहाच न देणं तर आम्ही शत्रूच्या बाबतीतही केलेलं नाही.

शिबिराच्या दिवशी बॅडमिंटनच्या मैदानावर मांडव घातला. सगळी गल्ली उपाशीपोटी आली. इतकी शिस्त मी टपाल खात्यातही पाहिली नव्हती. खाऊचे डबे रुमिनीने ओट्यावर रचून त्यांच्यावर पहारा ठेवला होता आणि पाक जुमेनोंनी नुसतं झाकण उचलून वास घेतला तर त्यांच्या हातावर पंखा मारला. राष्ट्रगीत झालं, प्रार्थना झाली, वॉर्ड कचेरीचं भाषण झालं, आरोग्य केंद्राचं रुसवा निघेपर्यंत भाषण झालं, मग माझं झालं. आणि या सगळ्या वेळात मांडवाच्या मागून ट्रे येत होते. आल्याबरोबर एक ग्लास, भाषणांनंतर दुसरा. परदेशी पाहुण्यांसमोर नाव राखायचं म्हणून कर्सोने त्या दिवशी साखरेचा हात जास्तच सैल सोडला होता. डॉक्टरीणबाईंचं नाव मारेइके. त्यांनीही दोन ग्लास घेतले आणि छातीवर हात ठेवून असं काही म्हणाल्या की कर्सो लाजून भट्टीमागे गेला.

त्यांच्या दुभाष्याचं काम निंग्रुम नावाची मुलगी करत होती. आमच्याच तालुक्यातली, जोगजा शहरात शिकणारी, घरंदाज वळणाची. नंतर ती मला म्हणाली, “मला दिसत होतं हो. पण पहिला ग्लास हाजीसाहेबांच्या हातात होता. मी पोरगी त्यांच्या हातातला ग्लास कसा काढून घेऊ?” तिचं बरोबरच होतं. मीही घेतला नसता.

बोटं टोचायला सुरुवात झाली. पहिल्या माणसाची साखर जास्त, दुसऱ्याची जास्त, हाजीसाहेबांची जास्त, माझी जास्त. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी प्रत्येकाला विचारायला लावलं, सकाळी काही खाल्लंत का. प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितलं, नाही. ते खरंही होतं. शेवटी कर्सो हात पुसत पुढे आला. त्याचा आकडा बघून बाईंनी यंत्र झटकलं, मग दुसऱ्या देशाचं यंत्र आणवलं. त्या दोन देशांचं निदान या एका बाबतीत एकमत झालं.

मग त्यांना त्याचा अंगठा दिसला आणि त्या चटकन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. मांडवात कोणी हलेना. परदेशातून आलेली शिकलेली बाई, पाहुणी, आणि सगळ्यांदेखत चहावाल्याच्या पायाशी. कर्सोने पाय मागे घेतला, बाईंनी तो धरून ठेवला, आणि त्याचं तोंड असं झालं की लोकांनी सभ्यपणाने दुसरीकडे बघितलं. बाई वर बघून कडक आवाजात काहीतरी बोलल्या. त्या ‘आजच्या आज दवाखान्यात, नाहीतर पाय जाईल’ असं म्हणाल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. निंग्रुमने वडीलधाऱ्या माणसाला शोभेल अशा भाषेत ते सांगितलं.

“डॉक्टर म्हणतात, काका, जमलं तर, सवडीने, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून यावं.”

“हो,” कर्सो म्हणाला.

नंतरचे दिवस आमचे वैभवाचे होते. झेंडेवाल्या देशांत आमच्या गल्लीचं नाव झालं. अख्खी गल्ली आजारी असलेलं ठिकाण त्यांना आजवर सापडलं नव्हतं. शेजारच्या गल्लीचा प्रमुख जळून मला म्हणाला, “आमच्याही लोकांना गोड आवडतं, पण आम्ही पुढे पुढे करत नाही.” घरोघरी साखरेचे डबे माळ्यावर गेले. कडू पानांचं एक झाड चौकात होतं, त्याला पान उरलं नाही. पाक जुमेनोंनी सगळ्या गल्लीची ओले आणि सुके अशी विभागणी केली आणि मला सुक्यांत घातलं, याचा मला उगीचच अभिमान वाटला.

कर्सोला मात्र चैन नव्हतं, कारण त्याचा चहा कोणी पीत नव्हतं. त्यामुळे म्हणा किंवा आकड्याचा धसका घेतल्यामुळे म्हणा, तो जोगजाच्या मोठ्या दवाखान्यात यायला तयार झाला. पाक जुमेनोंनी त्याच्या जन्मवारावरून शुभ दिवस काढून दिला. तो दिवस बराच पुढचा निघाला. तुगिनेम म्हणाली, “पायाला दिवस कळतो का?” तरी तिने त्याचा सदरा धुऊन, इस्त्री करून तयार ठेवला, आणि पहिल्यांदाच मला तिचा चेहरा जरा सैल दिसला.

मी त्या काळात छायाचित्रांचा अल्बम तयार करत होतो. प्रत्येक रहिवाशाचं छायाचित्र, खाली नाव आणि साखर. बँकॉकच्या दृष्टीने तो मी बाईंना आधीच पाठवून दिला. त्या अल्बमने माझा घात केला. बाईंनी तो उघडला आणि त्यांना दिसलं की पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक माणूस हसतोय आणि प्रत्येकाच्या हातात चहाचा ग्लास आहे. मी स्वतः दोन छायाचित्रांत आहे आणि दोन्हींत ग्लास वेगळा आहे.

कर्सोच्या शुभ दिवसाच्या आदल्या दुपारी निंग्रुम स्कूटरवरून आली. शिबिराचे सगळे आकडे रद्द. यंत्रांनी आमचं रक्त मोजलं नव्हतं, कर्सोचा चहा मोजला होता. बँकॉकला दुसऱ्या कुठल्या गल्लीचा प्रमुख जाणार होता. “पण बाई म्हणाल्यात,” ती चाचरत म्हणाली, “ते पायाचे काका, त्यांनी तरीसुद्धा जायलाच हवं.”

गल्लीला कळल्यावर जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. डबे माळ्यावरून खाली आले. हाजीसाहेबांनी आभाराची प्रार्थना ठेवली, रिवाजाप्रमाणे मेजवानीला भाताची रास रचली गेली, आणि कर्सोने भट्टी पेटवली. मी एका कोपऱ्यात माझ्या अपमानाला कुरवाळत बसलो होतो. सगळ्या गल्लीला रोग नाही म्हणून लोक येऊन माझ्याशी हात मिळवत होते आणि मला वाटत होतं, माझं विमान गेलं त्याचं कोणाला काही नाही. त्या मनःस्थितीतच मी मांडवामागे गेलो आणि कर्सोला निंग्रुमचा निरोप सांगितला.

“म्हणजे माझ्या चहाचाच आकडा तो,” कर्सो किटली हलवत म्हणाला. तो कितीतरी दिवसांनी हसत होता. “बघ पाक एर्ते, दोन देशांच्या यंत्रांत मावला नाही माझा चहा.”

“तरी जायलाच हवं म्हणतात.”

“हो,” तो म्हणाला.

तुगिनेम ग्लास विसळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. ती माझ्याकडून आणखी एका वाक्याची वाट पाहत होती, आणि मी एक भरलेला ग्लास उचलून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो एका बारशाच्या भट्टीवर गेला.

पुढचा बेसार आला. वॉर्ड कचेरीच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. तालुक्यातले सगळे मानकरी रांगेने बसले होते. ट्रे आले, ग्लास उचलले गेले आणि मी पहिला घोट घेतला. चहाला साखर नव्हती. मला वाटलं माझाच ग्लास चुकलाय. मी आजूबाजूला बघितलं. सगळे पीत होते. कोणाच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. आरोग्य केंद्राचे साहेब पीत होते, हवालदार पीत होता, मुलीचा बाप स्वतः पीत होता आणि शेजारच्याला ‘घ्या ना’ म्हणत होता. सगळ्या मांडवाने तो कडू चहा तळापर्यंत संपवला. यजमानाला वाईट वाटू नये म्हणून एक माणूस एक अक्षर बोलला नाही. मी मात्र ग्लास खाली ठेवला. कर्सो लग्नाच्या चहात साखर विसरेल हे होणं शक्य नव्हतं.

मी मागे धावलो. तो साखरेच्या पोत्याला टेकून बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. चपलेतला अंगठा काळा पडला होता आणि त्याचा वास भट्टीच्या धुरातूनही येत होता. पोतं उघडलेलंच नव्हतं.

“कर्सो, काय होतंय तुला?”

“हो,” तो म्हणाला.

“मला ओळखतोस का?”

“हो. हो.”

जोगजाच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि त्याच्या बोलण्यात ‘जमलं तर’ नव्हतं. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तुगिनेमने बाहेरच्या बाकावर त्याची एक चप्पल मांडीवर घेतली होती. तिची जोडीदार लग्नघरीच राहिली होती आणि ती आणायला जाऊ का असं मी तिला विचारलं. असा प्रश्न कसा काय माझ्या तोंडून निघाला मला माहीत नाही.  घरी आल्यावर मी रुमिनीसमोर लहान मुलासारखा रडलो. ती मला त्या दिवशी सुतिक्नो म्हणाली.

मारेइकेबाईंनी दुसरं शिबिर घ्यायचं ठरवलं. या वेळी मी कोणाचा सल्ला घेतला नाही. ‘उपास’ असंच लिहिलं, पाण्याखेरीज काही नको असं लिहिलं आणि भट्टी लागणार नाही हेही लिहिलं. आता खोकी योग्य भाषेतली आली होती. भाषणं रद्द केली. बाई कर्सोच्या घरी जाऊन आल्या आणि त्यांना एक गोष्ट सुचली. कर्सोने मांडवाच्या दारात बसावं. त्याला बघितलं की लोकांना कळेल, हजार भित्तिपत्रकांपेक्षा जास्त कळेल. निंग्रुमने ते त्याला विचारलं. कर्सो म्हणाला, हो.

मी त्याला खुर्चीसकट उचलून दारात आणून बसवलं. तुगिनेमने त्याचे केस विंचरले होते. नवी लुंगी गुडघ्याखाली रिकामी लोंबत होती. त्याने हात मांडीवर ठेवले आणि तो वाट बघू लागला.

कोणी आलं नाही. म्हणजे येत होते, पण कोपऱ्यापर्यंत. पाक जुमेनो कोपऱ्यावर आले, कर्सोला लांबूनच वाकून नमस्कार केला, खिसे चाचपले आणि चष्मा विसरल्यासारखं करून परत फिरले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. दोन बायका हसतमुखाने आल्या, कर्सोशी नजरानजर होताच त्यांना घरी काहीतरी उतू जात असल्याचं आठवलं. हाजीसाहेब आलेच नाहीत. मांडवात रिकाम्या खुर्च्या, टेबलावर दोन देशांची यंत्रं, आणि बाई घड्याळ बघत होत्या. मी चिडलो. निंग्रुमला म्हणालो, “बघितलंस? चहा नाही म्हटल्यावर एकाचं पाऊल पडत नाही. जिभेचे गुलाम सगळे.”

“चहासाठी नाही, पाक एर्ते,” कर्सो मागे न बघता म्हणाला.

“मग?”

“मी इथं बसलोय म्हणून. त्यांना माझ्याकडे बघवत नाही. बघितलं तर काहीतरी बोलावं लागेल, आणि काय बोलायचं ते कोणालाच येत नाही.” त्याने लुंगी सारखी केली. “मला आत घेऊन चल.”

मी म्हणालो, “असं कसं? बाईंनी मुद्दाम...”

“अरे, जायेंग दारात बसतो का कधी? मला मागे ने.”

तुगिनेम खुर्चीची एक बाजू धरायला आधीच वाकली होती. आम्ही त्याला मांडवाच्या मागे नेलं, जिथे भट्टी लागते तिथे, बांबूच्या तट्ट्यामागे. मी परत दारात आलो तेव्हा पाक जुमेनो चष्म्यासकट उभे होते. त्यांच्यामागे त्या दोन बायका, त्यांच्यामागे हाजीसाहेब, त्यांच्यामागे सगळी गल्ली. बघता बघता मांडव भरला. बोटं पुढे झाली. बाईंचा चेहरा फुलला आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. निंग्रुमने सांगितलं, “बाई विचारतात, तुम्ही हे कसं जमवलं?” मी मागच्या तट्ट्याकडे बघितलं. यंत्रं आकडे सांगत होती. या वेळी ते आकडे चहाचे नव्हते, आणि काही घरांतली माणसं टेबलावरून उठताना खुर्चीची पाठ धरत होती.

मी तट्ट्यामागे गेलो. कर्सो आवाज ऐकत बसला होता.

“आले का?”

“आले. खुर्च्या कमी पडल्या.”

“माझं विचारलं कोणी?”

अशा वेळी काय म्हणायचं हे आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी शिकवतात. सगळे विचारत होते, हाजीसाहेबांनी सलाम सांगितलाय, जुमेनो संध्याकाळी येणार आहेत. सगळं जिभेवर तयार होतं. मी त्याच्या समोर जमिनीवर बसलो.

“नाही,” मी म्हणालो. “कोणीच नाही विचारलं.”

त्याने मान हलवली. तुगिनेम दुसरीकडे बघत होती.

“मग मी इथंच बरा,” कर्सो म्हणाला. “तू जा बाहेर. बाईंना म्हणावं जरा हात चालवा, लोक उपाशी बसलेत.”